बबलूला आधीच कळतं

शनिवार, १८ जानेवारी २०२५. सकाळी नळाला पाणी आले नाही. माडीवरच्या संध्याचा गेम दुपारी कुणीतरी पुन्हा पाडला, घरातले नेटही गेले. संध्या शिव्या देत जिना उतरली. त्यातल्या दोन मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवल्या नव्हत्या.

ही नोंद घरमालकीण सगुणाबाईंची. संध्या त्यांची भाडेकरू, जालना एमआयडीसीतल्या एका स्टील मिलच्या वजनकाट्यावर कामाला. ट्रकवाल्यांशी भांडून आवाज असा कमावलेला, की तिनं पुण्याला फोन लावला तर फोन नुसता निमित्ताला. घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर ती गेमचा सर्व्हर चालवायची. पुण्या-सुरतेला पांगलेली तिच्या टेंभुर्णी गावची मंडळी त्यावर जमून ठोकळ्याठोकळ्यांनी आपलं गाव बांधत. बसस्टँड झाला, शाळा झाली. सरपंचाच्या घराला मुद्दाम संडास ठेवला नाही.

गेल्या महिन्यात लोकांची घरं पेटवणाऱ्या 'वाघोबा' नावाच्या खेळाडूला संध्यानं हाकललं. तेव्हापासून कुणीतरी सर्व्हरवर खोट्या गिऱ्हाइकांचा लोंढा सोडायचं. दार तुंबायचं, खरी माणसं बाहेर. घरातल्या सगळ्यांनी मिळून घेतलेलं नेटही त्यात गार. मंडळी कंटाळली होती. उद्या गावचा बाजार भरवायचा होता. तोही पडला तर पुन्हा येणार नाही, असं सगळ्यांनी कळवलं होतं.

जिन्याखाली कांताबाई, खालच्या खोलीतली भाडेकरू, मोबाइलवर मालिका बघत बसलेली.

"मावशी, नेट तर गेलंय. तुमचं कसं चालू?"

"बबलूनं त्याच्या मोबाइलचं जोडून दिलं नं! जेवतानाच म्हणला, 'आई, आज दुपारी वायफाय जाणार हाय.' आधीच कळतं बघ पोराला. मागच्या बारीलाबी बराबर सांगितल्तं. लई हुशार. पोलीस भरतीची तयारी करून राह्यला."

आत जोर मारण्याचा आवाज थांबला.

संध्या दारात जाऊन उभी राहिली. "काय वाघोबा?"

बबलूचा चेहरा पडला. "हळू बोल ना, ताई. आई ऐकल."

"घरं जाळताना हळू होता का? सांगू का मावशीला, तू एवढा ज्योतिषी कसा झाला ते?"

"न्हाई, ताई, पाया पडतो. पुन्हा न्हाई करणार."

"पाया मंग पड. आधी जाळलेली घरं बांध. एकेक ठोकळा."

"सरपंचाचंबी?"

"ते राहू दे."

बाहेरून कांताबाई ओरडली, "संध्या, विचार ना त्याला, उद्या जातंय का नेट?"

"न्हाई जाणार, आई," बबलू भिंतीकडं बघत म्हणाला.

"बघ! म्हणलं नव्हतं का?"

तरी संध्यानं सर्व्हरचा पत्ता बदलला आणि ओळखीच्यांनाच तो कळवला. रविवारी बाजार भरला, शेवटपर्यंत पडला नाही. संध्यानं पुन्हा आत घेतलेला वाघोबा भर बाजारात मुकाट्यानं भिंती रचत होता आणि येणारा-जाणारा त्याला गवंडी म्हणून हाका मारत होता.

त्या संध्याकाळी सगुणाबाईंनी लिहिलं: आज नेट गेले नाही. कांताबाईंनी तिळाचे लाडू दिले. डबा परत करायचा आहे.