पवळीच्या दुधाचा निकाल

देवानं जग घडवलं तेव्हा माझा व्याही तिथं हजर असता, तर निम्मं जग त्यानं माघारी धाडलं असतं. "डोंगर एका रेषेत नाहीत, नदीला वळणं फार झालीत, पुन्हा करून आणा," असं त्यानं देवाच्या तोंडावर सांगितलं असतं, आणि देवानं चहा विचारलाच तर "कोरा असेल तर घेतो," म्हणाला असता. चिंचवडच्या एका कंपनीत तयार माल तपासायचं त्याचं काम. तिथला माल तो आठ तास तपासायचा आणि उरलेल्या वेळात बाकीची दुनिया. सदऱ्याच्या खिशात पोलादी पट्टी कायम. मूळचा कोकणातला, अंगानं किरकोळ, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत होतो. लिहिताना हात एकेरीवर येतो, त्याला इलाज नाही.

माझ्या सुमनच्या लग्नात आमच्या मोशीत मांडव घातला होता. वऱ्हाड उतरलं, पायावर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं, आणि नवरदेवाचा बाप कुठं दिसेना. बघतो तर मांडवाच्या कोपऱ्यातल्या मेढीला पट्टी लावून उभा. म्हणाला, "पाटील, ही मेढ झुकलीये." मी म्हटलं, "इवाई, ती माझ्या भावकीनं पुरलीया. हलायची न्हाई." त्यानं पट्टी खिशात घातली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि सामान आवरताना ती मेढ सरळ आमच्या आचाऱ्याच्या पाठीत आली. दुसऱ्या दिवशी व्याह्याचा निरोप आला, "कळवलं होतं." मी आजही म्हणतो, आचारी तिला टेकून बसला होता म्हणून ती पडली.

जेवायला बसला की भाकरी दोन्ही हातांनी उचलून दारातल्या उजेडाकडं धरायचा, एक डोळा मिटायचा, कड गोल आहे का, कुठं पातळ, कुठं जाड, सगळं बघून "पास" म्हणायचा आणि मगच मोडायचा. आमच्या कारभारणीच्या हातच्या भाकरीला साऱ्या गावात नाव. पहिल्यांदा त्यानं तिची भाकरी अशी उजेडाला धरली तेव्हा ती चुलीपुढून उठून आत गेली आणि तो गाडीला जाईपर्यंत बाहेर आली नाही. "पास केली की गं त्यानं," मी समजूत घातली. "मला पास करनारा त्यो कोन?" ती म्हणाली. खरं तर मलाही तेच विचारायचं होतं. पण मुलीकडच्या माणसानं व्याह्याला तोंडावर विचारायचं नसतं.

आणि हे न विचारणंच आमच्या सगळ्यांच्या अंगावर येणार होतं.

भोसरीच्या माळावर कारखान्यांच्या शेडा उठत होत्या ते दिवस. सुमनला मुलगी झाली, तिला आम्ही चिंगी म्हणायचो. वर्षाची झाली, अंगावरचं दूध तुटलं, आणि मी ठरवलं की माझी नात बाजारचं पाणीदार दूध पिणार नाही. माझ्या गोठ्यात पवळी होती. पोवळ्याच्या रंगाची, शांत, आणि दूध असं की तांब्यात बोट बुडवलं तर बोट पांढरं होऊन बाहेर यावं. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण गाईतलं मला कळतं, आणि हे मी कुणाच्याही पुढं सांगेन. रोज पहाटे धार काढून किटली सायकलला अडकवून मी मोशीहून चिंचवडला जायचो. पाऊस असो, चिखल असो, किटली चुकली नाही.

व्याह्यानं पहिल्या दिवशी किटलीचं झाकण काढलं, वास घेतला, एक थेंब अंगठ्याच्या नखावर धरून तिरका केला. म्हणाला, "माल चांगला आहे, पाटील. पण हा बनवलाय कुणासाठी?"

"कुनासाठी म्हंजे? पोरीसाठी."

"गाईनं वासरासाठी बनवलाय. दुसऱ्याच्या मापाचा माल आपल्या मशीनला बसेलच असं नाही. थोडं द्यायला हरकत नाही. एवढी किटली कशाला?"

आता ज्याच्या मुलखात गाय चहाला रंग येण्यापुरतं दूध देते, त्यानं मला हे शिकवावं! मी हसलो, पण आत कुठंतरी ठसठसलं.

बरं, नुसतं नाही म्हणून गप्प बसेल तर तो माझा व्याही कसला. पोरीला दुधाऐवजी काय सोसतं, याची त्यानं तपासणीच सुरू केली. नाचणीचं सत्त्व झालं. नारळ खोवून त्याचं दूध काढून झालं. शेंगदाणे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून झालं. डब्यातली पावडर आणली, तिच्या गुठळ्या त्यानं पट्टीनं मोडल्या. शेवटी कहर म्हणजे गावाकडून कुणाची तरी शेळी आणून चाळीच्या गॅलरीत बांधली. शेळीनं त्याच्या कंपनीच्या सदऱ्याची एक बाही खाल्ली, शेजारणीची तुळस खाल्ली, आणि दूध द्यायच्या वेळी लाथ दिली. चिंगीनं या एकेक वस्तूकडं तोंड वेंगाडून पाहिलं आणि थुंकून टाकली. तिला पवळीचंच दूध पाहिजे. मला तर मिशीला पीळ देण्यावाचून काही काम राहिलं नाही.

सुमनची मात्र ओढाताण. बाप एवढ्या लांबून किटली आणतो, ती उरवायची कशी? म्हणून पोर रडली की दूध, झोपेला आली की दूध, उठली की दूध. सासरा म्हणाला की सत्त्व भरव, तर "हो मामंजी." मी म्हणालो की किटली रिकामी झाली पाहिजे, तर "हो बाबा." दोघांचा मान राखता राखता पोरीच्या पोटात घासाला जागाच उरली नाही.

पावसाळा सरता सरता चिंगी पांढरी दिसायला लागली. मी म्हणायचो, "गोरी निगाली, आमच्या आईवर गेली." पण व्याही तिला कडेवर घेऊन भाकरीसारखी उजेडाला धरायचा, तिचे ओठ बघायचा, खालची पापणी ओढून बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्याचं ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. पोर दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. बाकीची पोरं भिंत सोडून धावतात त्या वयात ही बसून राहायची आणि भिंतीचे पोपडे काढून खायची.

व्याह्यानं तिला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई म्हणाल्या, अंगात रक्त कमी आहे. औषध दिलं आणि सांगितलं, दूध हवं, पण थोडं. पोट डाळीनं, पालेभाजीनं, भाकरीनं भरू दे. दुसऱ्या दिवशी मी किटली घेऊन गेलो तर व्याही दारातच उभा. कधी नव्हे तो आवाज चढला.

"पाटील, उद्यापासून किटली आणू नका."

"का? त्या डागदरनीनं कधी गाय पाळलीया का?"

"तिनं पोरं पाहिलीत. ही पोर हातची जाईल."

"माझ्या दुधानं?" हातातल्या किटलीचं झाकण वाजत होतं. "इवाई, माझ्या बापानं ह्याच गोठ्याच्या दुधावर आमाला वाढवलं. तुमी माझ्या दुधाला इख म्हनता?"

सुमन मधल्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता. मी किटली उंबऱ्यावर ठेवली आणि सायकल वळवली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. किटली मात्र बंद केली नाही. जिन्याखाली सुमनच्या हातात द्यायचो आणि वर न बघता निघायचो. तिनंही ती परत केली नाही. बापाचं दूध परत करायचं म्हणजे बापाला परत करणं.

मग आली वसुबारस.

आमच्या घरात त्या दिवशी गाईची धार काढत नाहीत. सगळं दूध वासराचं. घरात दूध नाही, दही नाही, तूप नाही, चहासुद्धा कोरा. कारभारीण उपास धरते, संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाल्यावर बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाते; घरच्यांना तेच दुपारी. माझ्या बापापासूनचा नियम, आणि त्यात मी आजवर कुणाला सूट दिलेली नाही.

सकाळी बघतो तर एस.टी.तून व्याही उतरला. खांद्यावर चिंगी, मागं सुमन. मी ओटीवर बसलो होतो, उठलो नाही. तो येऊन शेजारी बसला. म्हणाला, "सणाला आलोय. कोरा चहा द्या. आज सगळं गाव माझ्यासारखं पिणार."

त्याचा डाव माझ्या ध्यानात आला नाही. पोर रडायला लागली तेव्हा आला.

गोठ्याकडं हात करून ती "दुदू, दुदू" करत होती. सुमननं घेतलं, कारभारणीनं घेतलं, मी पवळीपाशी नेऊन आणलं, तर जास्तच. उन्हं वर आली. पोर निळी-जांभळी व्हायची वेळ आली. मला राहवेना. तांब्या उचलला आणि गोठ्यात गेलो. कारभारीण दारात आडवी. "आज हात लावाल तर मी पूजा करनार न्हाई," एवढंच म्हणाली. तिच्या खांद्यावरून पाहिलं, तर वासरानं कास चोखून मऊ करून टाकलेली, वासरू पोट फुगवून उभं. मी तांब्या घेऊन तसाच ओटीवर आलो. वाटलं, आता हा हसेल. व्याही हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. हळूच म्हणाला, "नियम तुमचा आहे, पाटील. मी काही बोललेलो नाही."

रडून रडून पोरीचा आवाज बसला. नुसते हुंदके यायला लागले. माझ्या मनात आलं, हिला आज काही झालं तर ह्या माणसाला मी जिता ठेवणार नाही. आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं तेव्हा कळलं की त्यालाही तेच वाटतंय, स्वतःबद्दल.

कारभारणीनं दुपारची ताटं मांडली. व्याह्यानं चिंगीला मांडीत घेतलं आणि सवयीनं भाकरी उचलून दाराकडं धरली, एक डोळा मिटला. पोरीनं हुंदका गिळला. भाकरीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि हात वर करून भाकरीची कड धरली. कड मोडून तिच्या मुठीत आली. ती तोंडात गेली.

व्याह्यानं डावा हात उचलून सगळ्यांना गप्प केलं. कोण बोलत होतं म्हणा! त्यानं बोटांनी भाकरी कुस्करली, गवारीच्या रसात कालवली, घास पुढं केला. चिंगीनं तोंड उघडलं. मग पुन्हा उघडलं. गोठ्यात पवळी कान हलवत होती, तेवढाच आवाज. चतकोर भाकरी पोटात गेली तेव्हा ती त्याच्या मांडीतच झोपून गेली, गालावर बाजरीचे कण घेऊन. त्यानं तिला सुमनच्या पदरात दिलं आणि वासरू बघून येतो म्हणून गोठ्यात गेला. बऱ्याच वेळानं आला तो नाक पुसत. "गोठ्यात धूर फार आहे हो तुमच्या," म्हणाला. त्या दिवशी गोठ्यात धूर केलेलाच नव्हता.

मी म्हटलं, "इवाई, दूध बंद व्हनार न्हाई. आधीच सांगतो."

"बंद कोण म्हणतं?" त्यानं खिशात हात घातला आणि पोलादी पट्टीशेजारून एक लहान वाटी बाहेर काढली. घरून घेऊनच आला होता लेकाचा. "एवढं. जेवणानंतर."

मी वाटी हातात घेतली, उजेडाला धरली, एक डोळा मिटला आणि म्हणालो, "लहान हाय." पण खिशात घातली.

संक्रांतीला चिंगी आमच्या अंगणात वासरामागं पळत होती. ती कशानं पळाली, यावर आमचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. तो म्हणायचा, भाकरीनं. मी म्हणतो, एक वाटीभर का होईना, दूध पवळीचं होतं. दुसऱ्या गाईचं असतं तर किटलीभर दिलं असतं तरी उठली नसती. दरवर्षी वसुबारसेला तो यायचा, कोरा चहा प्यायचा, भाकरी पास करायचा आणि हा वाद पुन्हा पहिल्यापासून घालायचा.

तीन वर्षांमागं तो एकदा आडवारी, सणवार नसताना आला. कामावरून निवृत्त झालेला, अंगाचा सदरा हँगरला लावल्यासारखा. ओटीवर बसला आणि म्हणाला, "पाटील, आणा तुमचा माल." मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत माझ्या घरच्या दुधाचा थेंब त्याच्या मिशीला लागला नव्हता. पवळीच्या लेकीचं धारोष्ण दूध मी स्वतः कपात आणून दिलं. त्यानं वास घेतला, नखावर थेंब धरला आणि सावकाश, मध्ये दम घेत, सगळं संपवलं. रिकामा कप उजेडाला धरला.

"पास का रिजेक्ट?" मी विचारलं.

त्यानं मिशी पुसली. "एका नगावर निकाल देत नसतात, पाटील. आणखी एकदा यावं लागेल."

यायचं राहून गेलं.

आता वसुबारस तोंडावर आली आहे. चिंगी शाळेतून येईल, भाकरी उजेडाला धरेल, तिला ती खोड लागलीच आहे. त्या दिवशी धार काढायची नाही, हा नियम मी काही मोडणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली धार मी त्या लहान वाटीतच काढतो आणि ओटीवर, तो बसायचा त्या जागी, थोडा वेळ ठेवतो. मग मांजर येतं. मांजर काही पास-नापास सांगत नाही.