चिवट कड

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पातीकाकू तेवीस वर्षं मेणाचे ठोकळे कापत होत्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि सुरकुती पडू न देता काचपट्टीवर अलगद उचलायचे. पात्याशी असं सख्य, म्हणून नाव पातीकाकू. खरं नाव हजेरीपटापुरतं.

त्या काचपट्ट्या वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंकडे जायच्या. आतड्याच्या आणि यकृताच्या कर्करोगावर बाईंचे एकसष्ट शोधनिबंध छापून आले होते. काकूंनी त्यातला एकही वाचला नव्हता.

एकदा बाई काचपट्टी न्यायला स्वतःच खाली आल्या, तेव्हा काकूंनी धीर केला.

"बाई, आतड्याचा रोग यकृतात उतरतो ना, त्या गाठी दोन जातींच्या असतात का हो?"

"म्हणजे?"

"काही लोण्यासारख्या कापल्या जातात. काहींच्या कडेला पातं अडतं, कुरकुरतं. गाठीभोवती कुणी चामड्याचा पट्टा शिवलाय जणू."

बाई हसल्या. "पातं बोथट झालं असेल."

हे मात्र काकूंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी खणातून वही काढून बाईंसमोर ठेवली. चार वर्षांतले ठोकळ्यांचे नंबर, आणि चिवट कडेच्या प्रत्येक ठोकळ्यापुढे फुली.

"हे कशाला लिहिलंत?"

"त्या पेशंटचा पुढचा ठोकळा आला की आधीच नवं पातं लावायला. दुसरं काय!"

काकूंचं मन राखायचं म्हणून बाई वही घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या एकेक पायरी गाळत खाली आल्या. धाप लागली होती.

"काकू, तुमच्या फुलीवाल्यांपैकी इतरांपेक्षा कितीतरी जास्त माणसं अजून हयात आहेत!"

काकूंनी बाईंच्या हातातली वही घेऊन फुल्यांवरून बोट फिरवलं. इतकी वर्षं हातांखालून गेलेले ते नंबर कुठेतरी जेवतात, भांडतात, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना एकदम हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही.

दोघींनी मिळून निबंध तयार केला. तो साभार परत आला. नियतकालिकाच्या परीक्षकाने शेरा मारला होता, 'हाताला जाणवलं, हा पुरावा नव्हे.' बाई संतापल्या. काकू शांत.

"बरोबरच बोलतोय तो. मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. माझी परीक्षा घ्या."

मग दुसऱ्या एका डॉक्टरने नंबर झाकून साठ ठोकळे समोर मांडले. काकूंनी पदर खोचला आणि एकेक काप काढत सांगत गेल्या, "चिवट. मऊ. मऊ. चिवट. हा जरा लबाड आहे, थांबा... चिवट." सूक्ष्मदर्शकाखाली गाठींभोवतीचा तंतूंचा पट्टा ताडून पाहिला, तर चोपन्न बरोबर.

या वेळी निबंध स्वीकारला गेला. आता भांडण जुंपलं नावावरून.

"माझं नाव कशाला? दहावी पास बाई मी!"

"पहिलं माझं, दुसरं तुमचं. नको असेल तर निबंधच मागे घेते."

काकूंचा नाइलाज झाला.

काकूंचा नवरा बसचालक. त्याने छापील पानं वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाला, "एवढ्या सगळ्यात तुझं नाव तेवढं कळलं. पण झकास कळलं!" पुढे कुठल्याशा दूरच्या संशोधकाचं काकूंना पत्र आलं. सुरुवात 'आदरणीय डॉक्टर' अशी. त्या दिवसापासून घरात, "डॉक्टर, चहा मिळेल का?" आणि काकूंचं ठरलेलं उत्तर, "आधी जीभ दाखवा."

आता काकूंच्या नावावर तीन निबंध आहेत. चौथ्याचा कच्चा मसुदा परवाच त्यांनी चष्मा लावून तपासला आणि तडक वरचा मजला गाठला.

"बाई, वरच्या तक्त्यात अठ्ठेचाळीस माणसं, खालच्यात सत्तेचाळीस. एक जण हरवलाय!"

शोधाशोध झाली. माणूस तपासणीला यायचा थांबला होता, म्हणून कुणीतरी त्याला परस्पर गाळलं होतं. जुना फोन लागेना. शेवटी त्याच्या बहिणीकडून नवा नंबर मिळाला. बाईंनी फोन लावून काकूंच्या हातात दिला.

"रुग्णालयातून बोलतेय. कसे आहात तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"मी ठणठणीत आहे हो," पलीकडून आवाज आला. "पण नंतर बोलू का? नवं घर घेतलंय, शिडीवर उभा राहून छताला रंग देतोय."