सगळ्यांना सगळी परवानगी

जुन्या संगणकाला नवं विंडोज झेपेना, म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं. माझं खातं वेगळं, धाकट्या भावाचं वेगळं. वडिलांच्या साखरेची नोंद माझ्या खात्यात होती: तारीख, उपाशीपोटीचा आकडा, इन्सुलिनची मात्रा. भावाला ती पाहायची होती. संगणक म्हणाला, परवानगी नाही. विंडोजवर आमच्या घरात एकच खातं, तेही बिनपासवर्डचं; नकाराची त्याला सवय नव्हती. प्रिंटर जोडायला मुख्य पासवर्ड मीच त्याला दिला होता. त्याने मला न विचारता मोबाइलवरून एक ओळ उतरवली आणि माझ्या सगळ्या फायलींवर ७७७ ठोकलं. म्हणजे मालक, गट आणि उरलेलं जग, तिघांनीही वाचावं, लिहावं, चालवावं. त्याला फक्त वाचायचं होतं.

मी बोललो तर म्हणे, "घरातल्या माणसाले काय्ची परवानगी, दादा? तू तं उद्या चहाच्या कपालेही पासवर्ड लावशीन."

मी ओरडलो, पण परवानग्या तशाच राहू दिल्या. ती चूक माझी.

पुढच्या आठवड्यात नोंद छापून वडिलांना बुलढाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "साखर रोज चढतेच आहे. मात्रा वाढवू." लिहायलाही घेतलं. मी कागद ओढला. पहिल्या दिवशी ९४, शेवटच्या दिवशी २३१, आणि बेचाळीस दिवसांत आकडा एकदाही खाली नाही. अशी कोणाची साखर चढत नाही. शिवाय पहिल्या तारखेपुढे छापलेला ९४ हा खरं तर कालचाच आकडा होता. बोट मीच टोचलं होतं. त्यावर मात्रा वाढवली असती तर साखर एकदम उतरून म्हातारा माणूस झोपेतच गेला असता.

तिथूनच भावाला फोन लावला. "काय केलं बे तू त्या फाइलीत?"

"काई नाही. मोठा आकडा कोणता ते पायलं. चढत्या क्रमानं लावले. काऊन तापून राह्यला?"

त्याने आकड्यांचा एकच रकाना क्रमाने लावला, तारखा जागच्या जागी, आणि वर ते जतन केलं.

साखर मोजायचं यंत्र पिशवीत होतं, त्यात जुने आकडे शिल्लक होते. डॉक्टरांसमोर बसून बेचाळीसही उतरवले. मात्रा दोन युनिटांनी कमी झाली.

घरी येऊन मुख्य पासवर्ड बदलला. त्या फाइलवर लिहायचं फक्त मी, बाकीच्यांनी वाचावं.

"म्हणजे मी परका झालो?" भाऊ वडिलांसमोर म्हणाला.

"वाचाले नाही. लिहाले हाव."

त्याला महिना झाला. तो रोज फाइल उघडून आकडा पाहतो आणि माझ्याशी न बोलता उठतो. मलाही बोलायचं नाही.