चौदा आणि पंधरा नंबरचे ओटे

समजा, सुक्या मासळीचा जुना बाजार बघायला तुम्ही पहिल्यांदाच अंधेरीला आला आहात. रिक्षावाल्याला नीट पत्ता सांगायची गरज नाही, वळणाच्या आधीच वास येतो. आत शिरा. दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे ओटे, त्यांवर टोपल्या, टोपल्यांमागे बायका. जवळा घ्यायचा असेल तर मूठभर तळव्यावर चोळून बघा, वाळू लागली तर पुढे चला. बोंबलाची काडी वाकवून बघा, कटकन मोडली तर घ्या. आता मान वर करा. प्रत्येक खांबावर लाल रंगाचा आकडा आहे आणि काही आकड्यांवर फुली.

चौदा नंबरवर फुली आहे. हा ओटा वनमालाचा. ती मूळची देवगडची. गिरणी बंद पडल्यावर सासरे घरी बसले, तेव्हा सासूने इथे टोपली मांडली. सासूनंतर वनमाला, त्यालाही आता तीस वर्षं झाली.

शेजारी पंधरा नंबरवर प्रेमा. या बाजाराची एक रीत आहे. कुणाच्या घरचं माणूस गेलं, की तेरावं होईपर्यंत तिचा ओटा ओस ठेवत नाहीत. शेजारीण सकाळी तिथे बसून तिचा माल विकते आणि दुपारनंतर आपला. प्रेमाचा नवरा गेला तेव्हा वनमालाने हेच केलं. स्वतःच्या टोपल्यांवर ताडपत्री टाकली आणि पंधरावर जाऊन बसली.

बाजार पाडून तिथे नवी इमारत होणार होती. तिच्यात कुणाला ओटा द्यायचा, याच्या पाहणीसाठी पाचव्या दिवशी सकाळी एक तरुण टॅब घेऊन आला. त्याने नाव विचारलं, तिने आपलं सांगितलं. आधार कार्ड मागितलं, तिने दिलं. फोटोसाठी पदरही सारखा केला. ओटा कुणाचा, हे त्याने विचारलं नाही. आपण होऊन सांगावं, असं तिच्या मनातही आलं नाही. जाताना त्याने शेजारच्या ताडपत्रीचा फोटो घेतला.

मी गेले त्या दिवशी दुपारी खांबावर यादी लागली होती. मी कॉम्प्युटर इंजिनीअर आहे, चारकोपहून बाजार बघायला आलेय, असं सांगितल्यावर वनमाला हसली.

"बाजार बघूक इलंस? मगे लवकर बघ गो."

तिचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून यादी मी वाचली. चौदा: बंद, धारक नाही. पंधरा: वनमाला. प्रेमाचं नाव कुठेच नव्हतं. हरकत आज पाच वाजेपर्यंत घेता येणार होती. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की वाद असलेल्या ओट्यांचा पहिल्या वाटपात विचार होणार नाही. ते वाक्य तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मला सगळं सोपं वाटलं. नोंद चुकली आहे, चूक कळवायची, दुरुस्त होईल. मी वहीचं पान फाडून अर्ज लिहूनही दिला. समोरच्या ओट्यावरचे अण्णा जवळ्याची पिशवी बांधत होते. त्यांचं नाव यादीत बरोबर आलं होतं. ते मान वर न करता म्हणाले, "वनमाला, तुझं नाव आलंय ना? मग गप बस. ती माणसं एकदा नावं खोडायला लागली की थांबत नाहीत."

प्रेमाच्या नवऱ्याचं तेरावं कालच झालं होतं. उद्या सकाळी ती ओट्यावर येणार होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाजाराच्या पलीकडच्या टोकाला छपराचे पत्रे काढायला सुरुवात झाली होती. एक पत्रा निघाला, की खाली उन्हाचा चौकोन पडायचा. पुढचा पत्रा, पुढचा चौकोन. त्या बाजूच्या बायका टोपल्या मागे सरकवत होत्या.

सव्वाचार वाजले. वनमालाने अर्जावर सही केली, कागदाची घडी घातली, पण जागची उठली नाही. घडी हातात धरून तिने मला विचारलं,

"खरा सांगलंय तर दोघींका ओटो गावतलो, की दोघींचोय जातलो?"