दत्ताने स्वतःपुरतं काढलेलं कुलूप

दत्ता इंगवलेला ‘थांब’ हा शब्द सोसत नसे. ऑफिसच्या दारात साहेब कुणाशी बोलत उभे असले, तर हा खिडकीतून आत येई. पलटणीतून आलेला माणूस, पण शिस्त तिकडेच ठेवून आला होता. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला फलटणकडच्या एका साखर कारखान्यात मी चहापाणी बघत होते आणि तो ऊसगाड्यांच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवायचा. हंगाम संपला की तो नोकरीत कायम होणार होता. बायको त्यासाठी देवाला हात जोडत होती आणि हा रोज नवी खोडी काढत होता.

काट्यावरच्या माणसांना कॉम्प्युटरवर दोनच कामं मोकळी होती: वजन घेणं आणि पावती काढणं. बाकी सगळ्याला साहेबांचं कुलूप. प्रिंटर अडकला तरी साहेबच लागत, आणि साहेब निम्मा वेळ पुण्याला. गाडीवाले शिव्या देत उभे. दत्ता म्हणे, “मावशी, साहेब न्हाईत म्हणून ऊस वाळवायचा व्हय?”

सगळे काटे ऑफिसातल्या एका मोठ्या मशीनला जोडलेले होते, आणि त्यावर एक प्रोग्राम होता. त्याच्या फायलीत जे लिहाल ते तो सगळ्या काट्यांवर करून टाकी, साहेबांच्या हुकमाने, लिहिणारा कोण ते न बघता. प्रिंटरचं नाव बदलता यावं म्हणून ती एक फाईल तेवढी दत्ताला मोकळी ठेवली होती. असली फाईल मोकळी ठेवणारे साहेबही शहाणेच. दत्ताने त्यात आपल्यापुरतं कुलूप काढायचा हुकूम लिहिला आणि मला ऐटीत सांगितलं. मी म्हटलं, आधी विचार की. तर म्हणे, विचारलं तर न्हाई म्हणतील.

कुलूप त्याच्या एकट्याचं निघालं नाही, सगळ्या काट्यांचं निघालं. पलीकडच्या काट्यावरचा जगू अडकलेल्या पावत्या सोडवायला गेला आणि सकाळची सगळी वजनं पुसून बसला. ऊस तोवर गाळपात गेलेला. आता पुन्हा काय मोजणार? शेतकरी दाराशी येऊन बसले.

साहेब आले ते पेटूनच. जगू रडकुंडीला आला. तेव्हा दत्ता पुढे होऊन म्हणाला, “त्येला बोलू नका. ते मी लिवलंय.” इथवर ठीक होतं. साहेबही जरा मऊ पडले. पुन्हा करणार नाही एवढं म्हण, वरच्यांना मी सांभाळतो, म्हणाले. मी मागून त्याचा शर्ट ओढला.

“आवं साहेब, तुमी पुण्याला असला आन् प्रिंटर अडकला, तर परत करीन की.”

साहेबांनी मग दुसरं काय करायचं? त्याच दिवशी त्याला कायमचं घरी पाठवलं. त्याची बायको येऊन माझ्यावरच चिडली, तुमी हुता की तिथं, त्यांचं तोंड का धरलं न्हाई?

शर्ट धरला होता बाई, म्हटलं. तोंडापर्यंत हात पोचला नाही.