चोलुलाच्या डोंगराईची ओटी

हॅरोच्या शाळेत वैजयंतीबाईंनी अर्धं आयुष्य डिनर लेडी म्हणून काढलं. पोरांच्या ताटात मटार वाढले, कस्टर्ड ओतलं, आणि 'प्लीज' म्हटल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा काही वाढलं नाही. साताऱ्याकडच्या मराठी शाळेत शिकून आलेल्या या बाईचं इंग्रजी त्या किचनमध्येच तयार झालं, म्हणून त्यात 'डार्लिंग' फार. बसवाला डार्लिंग, डॉक्टर डार्लिंग, कचऱ्याचा डबा का उचलला नाही म्हणून ज्याच्याशी फोनवर भांडायच्या तो कौन्सिलचा माणूससुद्धा डार्लिंग.

त्यांच्या पर्समध्ये बसचा पास, खोकल्याच्या गोळ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक हिरवा खण कायम असायचा. टेस्कोत गेल्या तरी खण बरोबर, दाताच्या डॉक्टरकडे गेल्या तरी खण बरोबर. तो डोंगराईचा होता.

डोंगराई म्हणजे त्यांच्या सासरच्या गावची, डोंगराच्या माथ्यावर बसलेली देवी. त्यांच्या मुलाची, उदयची, मुलगी सान्वी दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि काचेच्या पेटीत ठेवावी लागली, तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून वैजयंतीबाई मनात म्हणाल्या होत्या, "डोंगराई, पोर घरी येऊ दे. तुझा डोंगर पायी चढेन आणि तुझी ओटी भरेन." पोर घरी आली. आता चांगली नऊ वर्षांची होऊन दिवसभर बडबडत होती. नवस मात्र राहिला तो राहिलाच. एकदा गावी गेल्या तेव्हा पावसानं वाट वाहून गेलेली. मग यजमानांचं आजारपण, मग ते गेले. शेवटच्या खेपेला अर्ध्या डोंगरावर गुडघा असा अडकला की चौघांनी खुर्चीत घालून खाली आणलं. थोरल्या जाऊबाई अरुणावहिनी सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "लंडनचे गुडघे हो ते. लिफ्टची सवय."

तेव्हापासून वहिनींचा फोन आला की खुशालीनंतर पहिला प्रश्न तोच. "नवसाचं काय केलंस?" मधल्या काळात एक गुडघा बदलून झाला. दुसरा जुनाच होता. आणि वैजयंतीबाईंना रात्री एकच घोर लागायचा, की आपण ओटी न भरताच गेलो तर?

अशात दोन हजार सहाच्या ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीला उदयनं मेक्सिकोची सहल ठरवली.

"तिकडं काय आहे?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"पिरॅमिड आहेत, आई."

"पिरॅमिड इजिप्तला असतात ना?"

"तिकडे पण आहेत. आणि जुनी चर्च. एकदम बरोक."

'बरोक' म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. नातीबरोबर जायचं तर ब्लॅकपूल काय नि मेक्सिको काय.

चर्च आणि पिरॅमिड बघायला जायच्या दिवशी सून रूपाली पोट बिघडून हॉटेलात राहिली आणि हे तिघं सकाळच्या मिनीबसमध्ये चढले. बसमध्ये बरीचशी इंग्लंडचीच मंडळी होती. शेजारच्या सीटवर यॉर्कशरचे डेरेक नावाचे रिटायर्ड पोस्टमन होते, ते पहिल्या पाच मिनिटांत डार्लिंग झाले. गाइडचं नाव चाबेला. ठेंगणी, हसरी, हातात लाल छत्री. छत्री उघडली की सगळ्यांनी गोळा व्हायचं.

पहिलं चर्च एका छोट्याशा गावात होतं. बाहेरून साधंच. आत पाऊल टाकलं आणि वैजयंतीबाई तोंडाला पदर लावून उभ्याच राहिल्या. भिंती, खांब, छत, कुठं बोटभर जागा मोकळी नाही. सोनेरी वेली, फळं, मक्याची कणसं, आणि त्यांतून डोकावणारी गुबऱ्या गालांची, डोक्यावर पिसं लावलेली पोरं.

"अगं बाई, ही तर बारशाला जमल्यासारखी जमलीत!"

"आजी, हा बरोक आहे," सान्वी म्हणाली.

"असू दे. मला आवडला."

चाबेला सांगत होती, की गावचं नाव तोनान्त्सिंतला. स्पॅनिश लोक यायच्या आधी इथले लोक एका देवीला तोनान्त्सिन म्हणायचे. तोनान्त्सिन म्हणजे आमची आई.

वैजयंतीबाईंनी मान वळवली. "काय म्हणाली ती?"

"अवर मदर," सान्वी म्हणाली. "आमचा आई."

"आमची आई."

"तेच."

तिथून बस चोलुलाला गेली. समोर झाडाझुडपांचा हिरवा डोंगर, आणि माथ्यावर पिवळंधमक देऊळ. चर्चच ते, पण वैजयंतीबाईंच्या डोळ्यांना देऊळच दिसलं. चाबेलानं छत्री उघडली. हा डोंगर नव्हेच, म्हणाली, हा आतून पिरॅमिड आहे, माणसांनी एकावर एक रचलेला. माती चढली, झाडं उगवली. स्पॅनिश लोक आले, त्यांना वाटलं टेकडीच आहे, आणि त्यांनी वर चर्च बांधलं, असं इथं सांगतात.

"वर कोण आहे?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"मेरी. दुःख दूर करणारी आई."

वैजयंतीबाईंचा हात आपोआप पर्सवर गेला.

"उदय, मी वर जाणार."

"आई, चढ बघितलास का? तू इथं सावलीत बस, मी फोटो काढून आणतो."

"फोटोची ओटी भरू का?"

उदयला क्षणभर काही कळेना. मग कळलं. "अगं, पण ही आपली डोंगराई कुठं आहे?"

"डोंगर आहे. वर आई आहे. आणखी काय असतं डोंगराईत? आणि तिला काय पासपोर्ट लागतो?"

बोलून तर गेल्या, पण मनात आलंच. चालेल का तिला? की आपणच सोयीचं बघतोय?

पायथ्याशी एका म्हातारीकडून त्यांनी मूठभर मक्याचे दाणे आणि झेंडूची फुलं घेतली. तांदूळ नव्हते, धान्य तर होतं. झेंडू बघून जीव सुखावला. "हे आपल्याकडूनच आलं असणार," त्या म्हणाल्या. चाबेलानं सांगितलं, उलट आहे सेन्योरा, इथूनच जगभर गेलं. वैजयंतीबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की पुढं दसऱ्यापर्यंत विषय जायच्या आत तिनं छत्री मिटली.

नारळवाल्यानं मात्र घोटाळा केला. बोट दाखवताच त्यानं शहाळं उचललं, सपकन माथा उडवला, स्ट्रॉ खोचला आणि वर तिखट भुरभुरलं.

"अरे देवा! फुटका नारळ कसा देऊ?"

ते डेरेकनी घेतलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत प्यायले. नारळवाल्यानं दुसरं उचललं, कोयता वर गेला, आणि वैजयंतीबाई शाळेच्या डायनिंग हॉलमधल्या आवाजात ओरडल्या, "थांब रे बाबा!" मराठीतच. तो जागच्या जागी थिजला. आख्खं शहाळं वाचलं.

"हे कशासाठी?" डेरेकनी विचारलं.

"प्रेझेंट, डार्लिंग. फॉर मदर."

"मग मी घेतो," म्हणून त्यांनी ते काखोटीला मारलं.

चढ सुरू झाला. नवा गुडघा गुणी पोरासारखा चालला, जुना कुरकुरायला लागला. पाठीमागून आलेले लोक पुढं गेले, पुढं गेलेले खाली उतरायला लागले.

"आजी, तू थकला?"

"थकली."

"मी पण."

"मी नाही थकले, तुझं मराठी दुरुस्त करतेय."

पण एका वळणावर त्या थांबल्याच. उदयनं हात पुढं केला, त्यांनी तो बाजूला केला. डोंगराईच्या डोंगरावर गेल्या वेळी खुर्ची आली होती, ती एवढ्याच उंचीवर. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि सान्वीच्या खांद्यावर नुसती बोटं टेकवून पुन्हा पाऊल उचललं. मग एकदम वारा लागला, कठडा आला, आणि दूरवर धूर सोडणारा बर्फाचा डोंगर दिसला. वर पोचल्या होत्या. स्वतःच्या पायांनी.

दाराशी त्यांनी सवयीनं सँडल काढल्या, डेरेककडून शहाळं घेतलं आणि आत गेल्या.

समोर काचेत इवलीशी मूर्ती, घेरदार झगा घातलेली. फुलं बदलणारी एक बाई एप्रन लावून उभी होती. वैजयंतीबाईंनी पर्समधून खण काढला, त्यावर मका, झेंडू आणि शहाळं ठेवलं, आणि मग काय करावं ते कळेना. मूर्तीपर्यंत हात पोचत नव्हता. भाषा येत नव्हती. नुसत्याच ओंजळ पुढं करून उभ्या राहिल्या.

त्या बाईनं खण बघितला, बोटांनी चाचपला, मूर्तीच्या झग्याकडं मान करून हसली. मग तिनं एप्रनची दोन्ही टोकं धरून पुढं पसरली. अगदी पदर पसरावा तशी.

वैजयंतीबाईंनी ओटी घातली. त्या बाईनं एप्रन छातीशी धरला आणि एक झेंडू त्यांच्या हातात परत दिला. दोघींचेही डोळे भरले होते, आणि दोघी हसतही होत्या.

बाहेर येऊन बघतात तर दाराशी चपलाबुटांची गर्दी! डेरेकचे बूट, सगळ्या इंग्लिश मंडळींचे स्पोर्ट्स शूज, ओळीनं लावलेले. वैजयंतीबाईंनी सँडल काढल्या बघून डेरेकना वाटलं इथला नियमच आहे, आणि एकानं केलं म्हटल्यावर बाकीचे रांगेत उभे राहून मोकळे झाले होते. डेरेकच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. शेवटी धापा टाकत चाबेला आली आणि छत्री हातात धरून बघतच राहिली.

"इतकी वर्षं येतेय," ती म्हणाली, "असं कधी झालं नाही."

"माय ग्रॅन स्टार्टेड इट," सान्वीनं सांगून टाकलं.

हॅरोला परतल्यावर वैजयंतीबाईंनी पहिला फोन गावी लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"चर्चमध्ये?" अरुणावहिनी म्हणाल्या.

"हो."

"खण कुठला?"

"तोच. हिरवा."

"आणि नारळ?"

"शहाळं."

"शहाळं? अगं, ओटीत शहाळं घालतं का कुणी!"

"तिथं तेच मिळालं, वहिनी."

वैजयंतीबाईंनी रिसीव्हर घट्ट धरला.

"चढलीस मात्र? स्वतःच्या पायांनी?"

"सगळा डोंगर."

"मग उद्या मी वर जाऊन आईला सांगून येते," वहिनी म्हणाल्या, "की वैजूची ओटी पोचली, आता तिची वाट बघू नको. नाहीतर बसेल बिचारी खोळंबून." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "शहाळ्याचं काही बोलत नाही मी."