बोकुएनच्या मठात मी दिलेले व्याख्यान

शिन-योकोहामाच्या फलाटावर मोरिता-सान आमच्या आधी येऊन उभे होते. राखाडी सूट, काळी छत्री, हातात कापडात बांधलेला मिठाईचा खोका. आकाश निरभ्र होते आणि आम्ही डोंगरातल्या एका खेड्यात चाललो होतो, तरीही सूट आणि छत्री. मी टी-शर्ट, अर्धी विजार आणि चालायचे बूट अशा वेषात होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे एकदा पाहिले आणि एकदा स्वतःच्या इस्त्रीच्या विजारीकडे.

मोरिता-सान (‘सान’ म्हणजे आपले ‘राव’) हे माझे साहेब. योकोहामातल्या एका व्यापारी कंपनीच्या हिशेब विभागात मी आहे. मुंबईहून तीन वर्षांसाठी म्हणून आलो, आता सहावे चालू आहे. एवढ्या काळात ते माझ्याशी जेवढे बोलले, तेवढे मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा वॉचमन एका संध्याकाळी बोलतो. अशा माणसाने मला सपत्नीक आपल्या गावी का न्यावे? कारण मी बोकुएनचा अभ्यासक होतो. म्हणजे नव्हतो. ते कसे घडले ते सांगतो.

बोकुएन हा मध्ययुगातला झेन भिक्षू. शाईची चित्रे काढायचा, दगडांच्या बागा रचायचा, लाकडात बुद्धमूर्ती कोरायचा, कविता करायचा, शिवाय मठाचा स्वयंपाकही बघायचा. त्याच्या चित्रांचे प्रदर्शन मी तोक्योत पाहिले होते. खरे म्हणजे बाहेर ऊन फार होते आणि आत एसी होता. पण माहितीपत्रक वाचून मी भारावून गेलो, कारण मला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. आमच्या मराठी मंडळात मी अष्टपैलू म्हणून प्रसिद्ध आहे. तबला, नाटक, वात्रटिका, रांगोळी, सगळे मीच करतो, कारण दुसरे कुणी तयार होत नाही. बोकुएनच्या एका चित्रातला बगळा मी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर उतरवला, तेव्हा बऱ्याच जणांनी बदक छान आल्याचे कळवले.

पुढे एकदा ऑफिस सुटल्यावर सगळे जण प्यायला बसलो असताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर तोच बगळा दिसला. ‘मी याची चित्रे पाहायला गेलो होतो’ असे मला म्हणायचे होते. पाहायला जाणे म्हणजे केन्गाकु. मी म्हणालो केन्क्यू. केन्क्यू म्हणजे संशोधन. सगळ्यांच्या तोंडून एक लांबलचक, कौतुकाचा ‘हेऽऽ’ निघाला. घरी आल्यावर माझी बायको मेधा हिने चूक दाखवून दिली. पण तोवर लोक मला ‘सेन्सेई’ (गुरुजी) म्हणू लागले होते आणि ते कानाला इतके गोड लागत होते की दुरुस्ती राहूनच गेली.

मोरिता-सान त्या टेबलावर एवढेच म्हणाले होते, “बोकुएनचा मठ आमच्या गावात आहे.” नंतर एक दिवस लिफ्टमध्ये त्यांनी आमंत्रण दिले. येत्या शनिवारी मठात दुपारी ‘कोएन’ आहे, याल का? कोएन म्हणजे बाग हे मला पक्के ठाऊक होते. आमच्या घरासमोरच एक आहे. घरी येऊन मी मेधाला सांगितले, “दुपारी बागेत फिरायचंय. चालायचे बूट घे.”

“एवढंच म्हणाले ते?” तिने विचारले. मेधा वॉर्डाच्या जपानी वर्गाला नेमाने गेलेली आणि आता एका बेकरीत अर्धवेळ काम करणारी. तिचे जपानी पावासारखे रोज ताजे असते. मी वर्गाला दोनदा गेलो होतो.

“एवढंच,” मी म्हणालो.

शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, मेधाने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मोरिता-सानांनी धपाटा दोन्ही हातांनी, प्रमाणपत्र घ्यावे तसा घेतला. चटणीने कपाळावर घाम फुटला तरी रुमाल लावून लावून खात राहिले आणि दुसरा मागून घेतला. ओकायामाला गाडी बदलून आम्ही एका डब्याच्या छोट्या गाडीत बसलो. नदी कधी उजवीकडे यायची, कधी डावीकडे. कापणी झालेल्या भातखाचरांतून धूर निघत होता, लालसर कौलांच्या घरांपुढे पर्सिमनची झाडे केशरी फळांनी वाकली होती. मी फोटो काढत सुटलो. मोरिता-सान मात्र गाव यायला बराच अवकाश असताना उठले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले ते तसेच राहिले.

“बरं वाटत नाहीये का त्यांना?” मेधा म्हणाली.

“चटणी,” मी निदान केले.

मठ स्टेशनपासून चढावर होता. दाराशी एक मोठा पांढरा कागद लावलेला होता. मेधा थांबून अक्षरे जुळवू लागली. “का... रा... न्दि... का... रु... सेन्सेई.” ती माझ्याकडे वळली. “अविनाश, हे तुझं नाव आहे. पुढे लिहिलंय, भारतातले बोकुएन-संशोधक. आणि खाली कोएन. बागेचा कोएन नाही रे हा. व्याख्यानाचा कोएन. दोन्हीचा उच्चार सारखाच असतो.”

आत सभागृहात उशा ओळीने मांडून ठेवल्या होत्या. मी अर्धी विजार खाली ओढून गुडघे झाकता येतात का ते पाहिले.

मठाचे मुख्य भिक्षू बाहेर आले. मोरिता-सानांसारखेच रुंद कपाळ, तसेच खांदे. फक्त डोके तुळतुळीत आणि वय थोडे कमी. हे त्यांचे धाकटे भाऊ, असे आम्हाला तेव्हा समजले. आमचे त्यांनी हसून स्वागत केले. मग दोघे भाऊ समोरासमोर उभे राहून वाकले. इतके खोल आणि इतका वेळ, की त्यांच्याबरोबर वाकलेला मी मध्येच सरळ झालो आणि पुन्हा वाकलो. “मोरिता-सान, छत्री तिकडे ठेवा,” धाकटे म्हणाले, आणि आत गेले.

“स्वतःच्या भावाला आडनावाने हाक मारतात?” मेधा कुजबुजली.

“जपानी शिष्टाचार,” मी म्हणालो. संशोधक म्हणून आता कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणे भाग होते.

जेवणात तिळाची मऊ वडी, रानभाज्या, लोणची आणि भात असे सात्त्विक पान होते. मेधा एकेका वाटीची चौकशी करत भिक्षूंच्या पत्नीबरोबर (जपानात भिक्षू संसारी असतात) स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी माहितीपत्रकातली वाक्ये आठवत नुसता भात चिवडत होतो. माझी विजार पाहून भिक्षूंनी आपला कामाचा निळा पोशाख आणून दिला. तो माझ्यापेक्षा वीतभर लांब होता. मी चालू लागलो की माझ्या मागून थोडी विजार येत असे.

मग त्यांनी आम्हाला बागेसमोरच्या ओसरीवर बसवून बोकुएनची हकीकत सांगितली. मेधा मराठीत सांगत गेली. लहानपणी तो या मठात आला. ध्यानाला बसवले की जमिनीवर बोटाने चित्रे काढायचा. तरुणपणी एका पहाटे गुरूला न सांगता निघून गेला. राजधानीत गेला, जहाजाने चीनला गेला, शाई शिकला, मोठमोठ्या सरदारांची दालने रंगवली. परतला तेव्हा म्हातारा झाला होता आणि गुरू राहिले नव्हते. आल्यावर त्याने कुंचला उचलला नाही. कितीतरी दिवस मठात नुसता भात शिजवला. मग गुरूंच्या खोलीसमोर ही बाग रचली.

बागेत शेवाळ होते, काही दगड होते आणि मधोमध काहीच नव्हते. आता काहीतरी विद्वत्तापूर्ण बोलायला हवे म्हणून मी मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणालो, “शून्य. आम्ही शोधून काढलं.” भिक्षूंनी नम्रपणे मान डोलावली. मोरिता-सान ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. ते बागेकडे पाहत नव्हते, भावाच्या पाठीकडे पाहत होते.

सभागृह भरले. बहुतेक श्रोते सत्तरीच्या पुढचे. मी इंग्रजीत बोलायचे आणि मोरिता-सानांनी जपानीत सांगायचे असे ठरले. मी पोशाख आवरून उभा राहिलो. माझ्याकडे माहितीपत्रकाची पाठ झालेली काही वाक्ये होती आणि आत्ताच ओसरीवर ऐकलेली हकीकत, जी तिथल्या प्रत्येकाला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होती.

“बोकुएन हा थोर कलावंत होता,” मी सुरुवात केली. मोरिता-सानांनी त्याचे जपानी केले. ते पुष्कळ लांब झाले. जपानी भाषेला जागा जास्त लागते असे मी मनात म्हटले.

मग मी अजिंठ्यावर आलो. आमच्या महाराष्ट्रातही भिक्षूंनी डोंगर कोरून दिव्याच्या उजेडात भिंती रंगवल्या, वगैरे. मोरिता-सान चटईकडे पाहत हळू आवाजात बोलू लागले. दुसऱ्या ओळीतल्या एका आजींनी रुमाल काढला. अजिंठ्याचा हा परिणाम मला अनपेक्षित होता. मला चेव चढला. मी बगळ्याचा आणि बदकाचा विनोद सांगितला. कुणी हसले नाही; सगळे पुढे सरकून ऐकत होते.

आणि मग माझा साठा संपला. मी थांबलो. पण मोरिता-सान माझ्याकडे पाहत होते, पुढचे वाक्य हवेच आहे अशा डोळ्यांनी. आमच्या साहेबांनी आजवर माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. म्हणून मी तोंडात येईल ते बोलत सुटलो. आईची रांगोळी, तबल्याची फुटलेली शाई, मंडळाच्या नाटकात मी विश्वामित्र असताना तपश्चर्येच्या ऐन भरात माझी दाढी निघून मेनकेच्या हातात आली होती तो प्रसंग. तो ऐकून मोरिता-सान चमकले. ‘दाढी’ असे पुटपुटले. मग बोलू लागले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज कातर झाला. सभागृहात हुंदके ऐकू आले. दाढीच्या किश्श्यावर याआधी कुणीही रडले नव्हते.

तेवढ्यात पहिल्या ओळीत बसलेले भिक्षू उठले. आता आपल्याला हाकलणार असे मी धरून चाललो. त्यांनी भिंतीशी ठेवलेली एक उशी उचलली, आपल्या उशीला अगदी चिकटवून ठेवली आणि मोरिता-सानांकडे पाहिले.

“निई-सान, बस.” निई-सान म्हणजे दादा. एवढे जपानी मलाही येत होते.

मोरिता-सान गेले आणि भावाशेजारी बसले. दोघेही समोर पाहत होते, एकमेकांकडे नाही. दुभाषी गेल्यामुळे मी उघड्या तोंडाने एकटाच उभा होतो. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि मी पोटभर वाकून तिचा स्वीकार केला.

रात्री आम्ही मठातच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर आम्हाला पोचवायला दोघे भाऊ आले. मोरिता-सान मागे राहणार होते. “सोमवारी रजा घेतो,” ते म्हणाले. सहा वर्षांत हे मी प्रथमच ऐकत होतो. त्यांच्या अंगात सूट नव्हता. माझ्यासारखाच निळा पोशाख होता, पण त्यांना तो बरोबर बसला होता.

गाडी सुटली. मी अजून टाळ्यांच्या आवाजातच होतो. “तुला काय वाटतं, लोकांना जास्त काय भावलं? अजिंठा ना?”

मेधा खिडकीकडून माझ्याकडे वळली. “अविनाश, अजिंठा आलाच नाही.”

“म्हणजे?”

“पहिलं वाक्य तुझं होतं. बोकुएन थोर कलावंत होता. त्यानंतर ते त्यांचंच बोलत होते.”

मग तिने सांगितले. निघून गेलेल्या बोकुएनची गोष्ट सगळे सांगतात, मोरिता-सान म्हणाले होते. पण तो गेल्यावर मागे कुणीतरी शिष्य राहिलाच असेल. त्याने अंगण झाडले असेल, गुरूंचे आजारपण काढले असेल. कदाचित तोही चांगली चित्रे काढत असेल. त्याचे नाव कुठेच नाही. या मठातही तसेच झाले. वडिलांनंतर थोरल्या मुलाने मठ सांभाळायचा अशी रीत होती. थोरला पळून शहरात गेला आणि नोकरी धरून बसला. धाकट्याला क्योतोच्या चित्रशाळेत प्रवेश मिळाला होता. तो गेला नाही. डोके भादरून वडिलांच्या जागी बसला. वडील गेले तेव्हासुद्धा थोरला आला नाही, कारण धाकट्याला तोंड कसे दाखवायचे हे त्याला सुचले नाही. आत स्वयंपाकघरात भिक्षूंच्या पत्नीनेही मेधाला थोडेफार हेच सांगितले होते.

“आणि दाढी?” मी विचारले.

“तेवढा एक शब्द तुझा घेतला त्यांनी. म्हणाले, शेवटी शेवटी बाबांची रोज दाढी कोण करत होतं, ते मी कधी विचारलंसुद्धा नाही.”

खिडकीबाहेर नदी उजवीकडून डावीकडे गेली. 

“पण मग मला कशाला नेलं? मी संशोधक नाही हे त्यांना कळलं नसेल?”

“त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. पण इतक्या वर्षांनी एकट्याने दार कसं वाजवायचं? पाहुणा बरोबर असला की दार उघडावंच लागतं.”

थोडक्यात, मिठाईचा खोका होता तसाच मीही होतो. फक्त मला कापडात बांधलेले नव्हते.

योकोहामाला परतल्यावर मंडळातल्या लोकांनी विचारले, व्याख्यान कसे झाले? मी सांगितले, लोक रडले. ते खोटे नाही. मोरिता-सान रजा वाढवून गुरुवारी कामावर आले, सगळ्यांना गावची लोणची वाटली, माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, “सेन्सेई, भाषण छान झालं.” मी मेधाकडून घोटून घेतलेले वाक्य एकाही चुकीशिवाय म्हटले, “नाही, अनुवाद चांगला होता.” ते हसले. दात दिसतील इतके.

मी मंडळात आजवर पुष्कळ भाषणे केली आहेत. त्यांतला शब्दन् शब्द लोकांना कळला आणि त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. उपयोगी पडलेले हे एकच, आणि ते कुणी ऐकले नाही.